खलनायक घडवताना : रंगभूषा, चिलखत आणि आतला नट

विज्ञानपटातला खलनायक कॅमेऱ्यासमोर उभा राहतो, त्याआधी तो निदान तीन टेबलांवरून गेलेला असतो. एका टेबलावर त्याचा चेहरा मातीत घडतो, दुसऱ्यावर चिलखताचे तुकडे कापले जातात आणि तिसऱ्यावर, अलीकडे जवळजवळ नेहमीच, संगणकाच्या पडद्यावर त्याची त्रिमितीय आकृती फिरत असते. या सगळ्याच्या आत अखेर एक नट शिरतो. त्याला श्वास घ्यायचा असतो, मान वळवायची असते, संवाद म्हणायचे असतात आणि प्रेक्षकाला धाक घालायचा असतो.

या कलेला आता शंभर वर्षे होत आली. नटाचा चेहरा दिसू द्यावा की पूर्ण झाकावा, रबर आणि सिलिकोन वापरावे की संगणक, चेहऱ्यावरचे व्रण दुष्टपणाची खूण म्हणून वापरावेत का, आणि पडद्यावरचे चिलखत घरी बनवणाऱ्या चाहत्याचा त्यावर हक्क किती, हे वाद तिच्यात वेगवेगळ्या वेळी उभे राहिले. त्यांतले काही निवळले, काही अजून चालू आहेत. वरवर वेगळे दिसणारे हे बहुतेक वाद एकाच ठिकाणी येऊन मिळतात. पोशाखाच्या आतल्या माणसाला जागा किती उरते, हा त्यांचा गाभा आहे.

पार्श्वभूमी : लाकडाचा लगदा ते सिलिकोन

या परंपरेच्या आरंभी 1927 सालचा फ्रिट्झ लांग यांचा जर्मन मूकपट ‘मेट्रोपोलिस’ उभा आहे. त्यातली यंत्रस्त्री वॉल्टर शुल्झे-मिटेनडॉर्फ या शिल्पकाराने घडवली. ती धातूची दिसते, पण धातूची नाही. अभिनेत्री ब्रिगिटे हेल्म हिच्या शरीराचा ठसा घेऊन त्यावर हवेत कडक होणारा लाकडाचा लगदा बसवला गेला आणि वर रुपेरी रंगाचा हात दिला गेला. ते कवच घालून हालचाल करताना हेल्मला चांगलाच त्रास झाला. हलक्या वस्तूला जड धातूचे रूप द्यायचे आणि ती एका विशिष्ट शरीराच्या मापानेच बनवायची, ही दोन तत्त्वे तेव्हा ठरली. ती आजही बदललेली नाहीत.

चेहऱ्याच्या बाजूने पहिली मोठी झेप 1931 च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये दिसते. रंगभूषाकार जॅक पिअर्स रोज कित्येक तास खपून बोरिस कार्लोफच्या डोक्यावर कापूस आणि कोलोडियन यांचे थर चढवत असे. तयार साच्यातून काढलेला मुखवटा तिथे नव्हता. दररोज सकाळी सगळे नव्याने रचावे लागे. पुढे फोम लॅटेक्स, म्हणजे फेस आणून भट्टीत पक्के केलेले रबर, वापरात आले आणि कामाची पद्धत बदलली. नटाच्या चेहऱ्याचा ठसा घ्यायचा, त्याच्या प्लॅस्टरच्या प्रतीवर मातीत नवे रूप घडवायचे, त्याचा साचा काढायचा आणि साच्यात रबर ओतायचे. पेणच्या गणपती कारखान्यात एका मूळ मूर्तीवरून साचा काढून अनेक मूर्ती घडवतात, तसाच हा क्रम. फरक एवढाच, की इथे निघणारी प्रत एका दिवसाच्या चित्रीकरणापुरती असते. चेहऱ्यावरून उतरवताना तिच्या पातळ कडा फाटतात आणि दुसऱ्या दिवशी नवी लावावी लागते.

या पद्धतीची ताकद 1968 च्या ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ने जगाला दाखवली. जॉन चेंबर्स हे त्याचे रंगभूषाकार. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी कृत्रिम अवयव बनवण्याचे काम त्यांनी केले होते आणि तेच कौशल्य त्यांनी पडद्यावर आणले. रंगभूषेसाठी ऑस्करचा नियमित विभाग तेव्हा नव्हता, म्हणून त्यांना खास सन्मान देण्यात आला. नियमित स्पर्धात्मक पुरस्कार सुरू झाला तो 1981 च्या चित्रपटांपासून, आणि पहिला मानकरी ठरला रिक बेकर. डिक स्मिथ यांनी एकसंध मुखवट्याऐवजी कपाळ, गाल, हनुवटी असे छोटे, कडांना एकमेकांवर चढणारे तुकडे वापरण्याची रीत रुजवली. त्यामुळे रबराखालचे स्नायू हलताना दिसू लागले. नंतर सिलिकोन आले. फोम लॅटेक्स अपारदर्शक असते, सिलिकोनमध्ये त्वचेसारखा प्रकाश थोडा आत शिरतो. मात्र ते वजनाला जड असते आणि घाम बाहेर जाऊ देत नाही.

पहिला वाद : चेहरा झाकावा की रंगवावा

संपूर्ण झाकलेल्या खलनायकाचे सर्वांत मोठे उदाहरण 1977 च्या ‘स्टार वॉर्स’मधला डार्थ व्हेडर. चित्रकार राल्फ मॅक्वॉरी यांनी त्याला श्वसनाचा मुखवटा दिला, कारण कथेच्या त्या मसुद्यात त्याला एका यानातून दुसऱ्या यानात अंतराळातून जायचे होते. शिरस्त्राणात जपानी सामुराईंच्या चिलखताची छाया आली. ब्रायन म्युअर यांनी ते मातीत घडवले, जॉन मोलो यांनी वेशभूषा सांभाळली. मग या एका खलनायकाचे अनेक वाटेकरी झाले. शरीर डेव्हिड प्राउझ यांचे, आवाज जेम्स अर्ल जोन्स यांचा, पुढच्या दोन चित्रपटांत तलवारबाजी बॉब अँडरसन यांची आणि 1983 मध्ये मुखवटा उतरल्यावर दिसलेला चेहरा सेबॅस्टियन शॉ यांचा. श्वासाचा आवाजसुद्धा बेन बर्ट यांनी पाणबुड्याच्या श्वसनयंत्रातून मिळवला.

झाकण्याच्या बाजूने बोलणारे याच उदाहरणाकडे बोट दाखवतात. चेहरा नसला की प्रेक्षक आपली भीती त्या काळ्या पृष्ठभागावर स्वतःच रंगवतो, आणि नटाला मानेच्या एका हलक्या झुकावातून राग दाखवावा लागतो. दुसरी बाजू विचारते, अशा वेळी अभिनय नेमका कोणाचा? शरीर एकाचे आणि आवाज दुसऱ्याचा असेल, तर श्रेय कोणाला द्यायचे?

चेहरा उघडा ठेवणारी परंपरा ‘स्टार ट्रेक’ने जोपासली. त्यातले बोर्ग हे अर्धे मानव, अर्धे यंत्र असलेले शत्रू 1989 मध्ये दूरचित्रवाणी मालिकेत आले. रंगभूषाकार मायकेल वेस्टमोर यांनी पांढुरकी निर्जीव त्वचा आणि तिच्यात रुतलेली यंत्रे यांचा मेळ घातला. 1996 च्या ‘फर्स्ट काँटॅक्ट’मध्ये, मोठ्या पडद्यासाठी, डेबोरा एव्हर्टन यांनी पोशाख नव्याने रचले. अ‍ॅलिस क्रिगे हिची बोर्ग राणी तिथे अवतरली आणि रंगभूषेला ऑस्करचे नामांकन मिळाले. या पोशाखात कातडी कुठे संपते आणि चिलखत कुठे सुरू होते हे सांगता येऊ नये, अशीच योजना होती. त्यामुळे रंगभूषाकार आणि वेशभूषाकार यांना कामाची हद्द आखून घेऊन चालले नाही. नळी गालातून निघून खांद्याच्या कवचात शिरायची, तर दोन्ही विभागांना एकाच ठशावर काम करणे भाग होते.

दोन्ही टोकांच्या मधला मार्ग 2015 च्या ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’मध्ये सापडतो. इमॉर्टन जो याचे तोंड दातांच्या मुखवट्याखाली झाकलेले, डोळे मात्र उघडे. छातीवरचे चिलखत पारदर्शक प्लॅस्टिकचे, त्यावर पदके, आणि त्याखाली फोडांनी भरलेले अंग. आजारी शरीर ताकदवान दाखवण्यासाठीच ते चिलखत आहे, हे एकही संवाद न उच्चारता कळते. या चित्रपटाला वेशभूषा आणि रंगभूषा-केशभूषा असे दोन्ही ऑस्कर मिळाले. झाकावे की दाखवावे याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर यातून निघत नाही. एवढे मात्र दिसते, की डोळे मोकळे राहिले तर उरलेला चेहरा झाकूनही नट पोहोचतो.

दुसरा वाद : हाताने की संगणकाने

या वादाचा इतिहास पाहायला ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’सारखी दुसरी मालिका नाही. 1968 मध्ये चेंबर्स यांचे फोम लॅटेक्स होते. रॉडी मॅकडॉवेल आणि सहकाऱ्यांनी रबर जिवंत दिसावे म्हणून नाक, ओठ, भुवया सतत हलवत ठेवण्याची सवय लावून घेतली. 2001 मध्ये टिम बर्टन यांच्या चित्रपटात रिक बेकर यांनी टिम रॉथला जनरल थेड बनवले. चिलखत घातलेला, दात विचकणारा हा सेनानी रबरातल्या माकडांचा बहुधा सर्वांत प्रगत नमुना होता. 2011 पासूनच्या चित्रपटांत मात्र रबर गेले. अँडी सर्किस आणि इतर नटांच्या हालचाली टिपून वेटा कंपनीने माकडे संगणकावर उभी केली. 2014 च्या भागातला कोबा हा खलनायक, टोबी केबेल यांच्या अभिनयातून, याच मार्गाने आला.

संगणकाच्या बाजूचे म्हणणे ठोस आहे. रबर फक्त भर घालू शकते, काही काढून टाकू शकत नाही. नटाच्या चेहऱ्यावर कपाळ पुढे आणता येते, पण नाक नाहीसे करता येत नाही, डोळे दूर सरकवता येत नाहीत. 2018 च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’मधला थॅनॉस हा जॉश ब्रोलिन यांच्या डोक्यावर बसवलेल्या छोट्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चेहऱ्यातून घडला. त्याच्या डोळ्यांतला थकवा एवढ्या अवाढव्य देहावर जाड रबरातून दाखवता आला असता का, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

हस्तकलेच्या बाजूचे म्हणणेही तितकेच ठोस आहे. खरे चिलखत सेटवरचा खरा प्रकाश पकडते, समोरचा नट खऱ्या आकृतीला घाबरतो आणि स्वतः खलनायकाची चाल पोशाखाच्या वजनाने बदलते. 2011 च्या ‘द थिंग’ची घटना या गटाला अजून सलते. तिथे अमाल्गमेटेड डायनॅमिक्स या संस्थेने प्रत्यक्ष बनवलेल्या प्राण्यांवर नंतर बव्हंशी संगणकाचे थर चढवले गेले. उलट 2021 च्या ‘ड्यून’मध्ये सर्व डिजिटल साधने हाताशी असूनही स्टेलन स्कार्सगार्ड यांचा बॅरन हार्कोनेन प्रत्यक्ष अंगावर चढवलेल्या कृत्रिम देहातून साकारला.

व्हेडरचे शिरस्त्राण या वादातला एक बारकावा उघड करते. मूळचे हाताने घडवलेले, त्यामुळे त्याच्या डाव्या-उजव्या बाजूंत सूक्ष्म फरक होता. 2005 च्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’साठी ते दोन्ही बाजूंनी अगदी सारखे करण्यात आले. कथेनुसार ते नवे होते, म्हणून निर्दोष असणे योग्यच होते. पण 2016 च्या ‘रोग वन’मध्ये निर्माते पुन्हा 1977 च्या रूपाकडे वळले. हाताच्या कामातला असमतोल पात्राला जिवंतपणा देतो, असे अनेक शिल्पकार मानतात. हल्ली बरेच जण संगणकावर घडवून, त्रिमितीय मुद्रकावर छापून, शेवटी पुन्हा हाताने खरवडतात, झिजवतात आणि रंगवतात. हा मिश्र मार्ग आता सर्रास रूढ झाला आहे.

तिसरा मुद्दा : नटाच्या शरीराची किंमत

या विषयावर मतभेद कमी आणि जुन्या जखमा जास्त आहेत. 1939 चा ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ विज्ञानपट नव्हे, पण धडा तिथलाच आहे. टिनच्या माणसाच्या भूमिकेसाठी बडी एब्सनला अ‍ॅल्युमिनियमची भुकटी लावली गेली. ती फुप्फुसात जाऊन त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले आणि भूमिका दुसऱ्याकडे गेली. दुष्ट चेटकीण झालेल्या मार्गारेट हॅमिल्टन यांच्या हिरव्या रंगात तांबे होते. आगीच्या दृश्यात त्या भाजल्या तेव्हा तो रंग आधी जखमेवरून काढावा लागला.

आजचे रंग आणि चिकटद्रव्ये त्या मानाने सुरक्षित आहेत, पण ताण संपलेला नाही. बोर्ग राणीचा पहिला पोशाख इतका घट्ट होता की क्रिगेच्या अंगावर फोड आले आणि मऊ फोमचा दुसरा करावा लागला. तिची रुपेरी लेन्स एका वेळी काही मिनिटेच डोळ्यात ठेवता येई. 2000 च्या ‘एक्स-मेन’मध्ये मिस्टीक ही खलनायिका बनण्यासाठी रेबेका रोमेन हिच्या अंगावर शंभरावर सिलिकोन तुकडे चिकटवायला आठ-नऊ तास लागत. पुढे जेनिफर लॉरेन्सच्या वेळी अंगभर घट्ट बसणारा पोशाख वापरून हा वेळ बराच कमी करण्यात आला. 2016 च्या ‘एक्स-मेन : अ‍ॅपोकॅलिप्स’बद्दल ऑस्कर आयझॅक यांनी जाहीरपणे सांगितले, की सुमारे 18 किलोच्या पोशाखात त्यांना मान वळवता येत नव्हती आणि दोन दृश्यांच्या मध्ये थंड तंबूत नेऊन ठेवावे लागे.

या अनुभवांतून कामाच्या काही रीती पक्क्या झाल्या. चिलखताखाली थंड पाणी खेळवणारा सदरा, सांध्यांवर कडक कवचाऐवजी लवचीक पट्ट्या, मुखवट्यात लपवलेला छोटा पंखा, चुंबकाने पटकन सुटणारे भाग. तरीही एका नटाने दिवसाला किती तास असा पोशाख घालावा यावर सर्वमान्य मर्यादा नाही. ती त्या त्या करारावर आणि निर्मात्याच्या समजुतीवर राहते.

चौथा वाद : व्रण म्हणजे दुष्टपणा?

2017 मध्ये ‘जामा डर्मटॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकन चित्रपटांतल्या सर्वकालीन दहा प्रमुख खलनायकांपैकी सहा जणांच्या त्वचेवर व्रण, टक्कल, सुरकुत्या असे ठळक विकार दाखवले आहेत, असे त्यात आढळले. नायकांत हे प्रमाण अगदी वेगळे होते. 2018 मध्ये ब्रिटनमधल्या ‘चेंजिंग फेसेस’ या संस्थेने चेहऱ्यावर व्रण असलेल्या माणसांच्या वतीने मोहीम उघडली. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने तिला पाठिंबा देत, व्रणांना खलत्वाची खूण बनवणाऱ्या चित्रपटांना यापुढे पैसा देणार नाही, असे जाहीर केले. भाजलेला चेहरा घेऊन शाळेत जाणाऱ्या मुलाला पडद्यावर आपल्यासारखे फक्त दुष्टच दिसत असतील, तर त्याचे मोल ते मूल चुकवते, हा मोहिमेचा मुद्दा आहे. तो हलका नाही.

दुसऱ्या बाजूचे कलावंत व्रण कथेचा भाग असतो याकडे लक्ष वेधतात. व्हेडरचा भाजलेला चेहरा दिसतो तो क्षण त्याच्या पश्चात्तापाचा आहे, दहशतीचा नाही. ‘ब्लॅक पँथर’मधल्या खलनायक किलमाँगरच्या छातीवरचे उंचवटे आफ्रिकेतल्या मुर्सी आणि सुरमा समाजांच्या परंपरेवरून घेतले आहेत. त्याच्यासाठी ते मारलेल्या शत्रूंचा हिशेब आहेत, व्यंग नव्हे. ‘फ्युरी रोड’मध्ये खलनायक आजारी आहे, पण एक हात नसलेली फ्युरिओसा नायिका आहे. नायकाच्या बाजूलाही असे चेहरे आणि शरीरे आली तर खलनायकावरचा भार कमी होईल, या सूचनेवर दोन्ही बाजू बऱ्याच जवळ येतात. बंदी घालावी का, यावर मात्र एकमत नाही.

पाचवा मुद्दा : चाहत्यांची कार्यशाळा

पडद्यावरचा पोशाख घरी बनवण्याची हौस जुनी आहे. 1939 मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यकाळातले कपडे घालून आले होते. डग्लस यांनी ते स्वतः शिवले होते. 1997 मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ‘501 वी लीजन’ ही संघटना तर फक्त ‘स्टार वॉर्स’च्या खलनायकांचे पोशाख घालते आणि त्यातून धर्मादाय कामांना हातभार लावते. तिच्याकडे प्रत्येक पोशाखाची तपशीलवार मानके आहेत. पट्टा किती रुंद, भिंगांचा रंग कोणता, हे सगळे तपासूनच सदस्यत्व मिळते.

या काटेकोरपणावर दोन मते आहेत. एका गटाला तो कारागिरीचा आदर वाटतो. दुसऱ्या गटाला वाटते, की त्यामुळे स्वतःची कल्पना आणि स्वतःच्या शरीराला शोभणारे बदल मागे पडतात, आणि नवशिक्याला खर्च परवडत नाही.

साहित्याने हा खर्च बराच खाली आणला. लहान मुलांच्या खोलीत अंथरायच्या जोडचटया ज्या ईव्हीए फोमच्या असतात, त्याच फोमपासून आज चिलखत बनते. कागदावर नमुना काढायचा, धारदार कटरने कापायचे, हीट गनने तापवून गुडघ्यावर वाकवायचे, कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्हने जोडायचे, वर रबरी लेप आणि मग धातूचा रंग. गरम केल्याने फोमची छिद्रे बंद होतात आणि रंग शोषला जात नाही. कोपऱ्यांवर कोरड्या ब्रशने रुपेरी रंग घासला की झिजलेल्या धातूचा भास होतो. त्रिमितीय मुद्रणात पीएलए प्लॅस्टिक स्वस्त पडते, पण ते साधारण 60 अंशांना मऊ पडू लागते. उन्हात उभ्या बंद गाडीत असे शिरस्त्राण वाकडे होते. फोम घासताना उडणारी धूळ आणि चिकटद्रव्याची वाफ यांसाठी श्वसनमास्क लागतो, लॅटेक्स लावण्याआधी हातावर थोडे लावून त्वचेची परीक्षा करावी लागते आणि रंगीत लेन्स डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारूनच घालायची असते.

हक्काचा प्रश्न न्यायालयात गेला तो अँड्र्यू एन्सवर्थ यांच्यामुळे. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’साठी स्टॉर्मट्रूपर सैनिकांची शिरस्त्राणे बनवणाऱ्या या ब्रिटिश कारागिराने 2004 पासून त्यांच्या प्रती विकायला सुरुवात केली. चित्रपटाची निर्माती कंपनी लुकासफिल्म हिने खटला भरला. 2011 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने शिरस्त्राण हे कायद्याच्या अर्थाने शिल्प नाही, चित्रपटाच्या निर्मितीतली ती एक उपयोगाची वस्तू आहे, असा निकाल दिला. त्यामुळे तिथे विक्रीला मोकळीक मिळाली. मात्र अमेरिकन कॉपीराइटच्या भंगाचा दावा ब्रिटिश न्यायालयात चालू शकतो, असेही त्याच निकालात म्हटले. एकच वस्तू एका देशात शिल्प आणि दुसऱ्यात साधन, अशी ही स्थिती आहे.

भारतातले चित्र

हिंदी पडद्यावरचा सर्वांत लक्षात राहिलेला विज्ञानपटीय खलनायक 1987 च्या ‘मिस्टर इंडिया’तला मोगँबो. त्याला कृत्रिम चेहरा नव्हता. माधव अगस्ती यांनी शिवलेला सोनेरी कलाबतूचा लष्करी थाटाचा कोट, केसांचा टोप आणि अमरीश पुरींचे डोळे एवढ्यावर ते पात्र उभे राहिले. बोर्गसारखी यंत्रे चेहऱ्यात रुतवण्याची सोय आणि पैसा नसताना शिंपीकामाने काय साधता येते, याचा तो पुरावा आहे.

नंतरचा काळ वेगळा आहे. 2010 चा ‘एंधिरन’ आणि 2018 चा ‘2.0’ या शंकर यांच्या तमिळ चित्रपटांत लॉस एंजेलिसच्या लेगसी इफेक्ट्सचा हात होता. दुसऱ्यात अक्षय कुमारचा पक्षीरूपी खलनायक जड रंगभूषेतून साकारला. 2024 च्या ‘कल्की 2898 एडी’मध्ये कमल हासन यांचा सुप्रीम यास्किन वाळलेल्या देहाने समोर आला. इकडे मराठीत विक्रम गायकवाड यांच्यासारख्या रंगभूषाकाराने ‘बालगंधर्व’सारख्या चरित्रपटातून राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत मजल मारली. म्हणजे कौशल्य इथे आहे. विज्ञानपटाच्या खलनायकाकडे ते अजून फारसे वळलेले नाही, कारण तसे मराठी चित्रपटच कमी आहेत. मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये फोमची चिलखते घालून येणारी तरुण मुले हे काम घरच्या घरी शिकत आहेत.

काय अजून ठरायचे आहे

पहिला प्रश्न श्रेयाचा. पोशाखात एक नट, आवाजात दुसरा आणि हालचालींवर संगणकाचे संस्कार, अशा पात्राचा अभिनय पुरस्कारासाठी कोणाच्या नावावर मोजायचा, याचा निवाडा झालेला नाही. दुसरा जतनाचा. फोम लॅटेक्स काही वर्षांत कोरडे पडून चुरते, त्यामुळे संग्रहालयांना मूळ मुखवटे टिकवायचे की साच्यातून नव्या प्रती काढायच्या, हे प्रत्येक वेळी ठरवावे लागते. तिसरा व्रणांचा. निधी देणाऱ्या संस्थांनी घातलेली अट कलावंतांच्या मनात किती रुजते, हे येत्या काळातले चित्रपट पाहूनच सांगता येईल.

चौथा प्रश्न आपल्याकडचा आहे. उकाड्यात आणि घामात टिकणारी चिकटद्रव्ये, भारतीय त्वचेच्या छटांना जुळणारे सिलिकोन आणि ठसे घेण्यापासून चिलखत रंगवण्यापर्यंतचे सलग शिक्षण या तीन गोष्टी इथल्या कार्यशाळांना हव्या आहेत. फोम कापायला शिकलेली मुले आणि चरित्रपटांत चेहरे घडवलेले अनुभवी हात सध्या दोन वेगळ्या वर्तुळांत वावरतात. त्यांना एका प्रकल्पावर एकत्र आणणारा निर्माता मराठीत कोण होतो, यावर पुढचा आढावा बराचसा अवलंबून राहील.